फिल्मवरचा ओरखडा

कऱ्हाटीच्या एका बाईंच्या नाकातून चहा आला, तेव्हा कोळेकर सरांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याआधी दीड महिना मी त्यांच्या बारामतीच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर म्हणून वावरत होतो, पण त्यांच्या लेखी मी पुण्याहून आलेला एक पांढरा कोट होतो. हाक मारायची वेळ आली तर ते "ओ पुणेकर" म्हणायचे.

त्या बाईंची वरची दाढ मी काढली होती. तीनपैकी दोन मुळं निघाली, तिसरं मोडलं. ते उचकटायला गेलो तर ते खाली यायच्या ऐवजी वर गेलं आणि दिसेनासं झालं. मी ट्रेमध्ये शोधलं, फरशीवर शोधलं, बाईंच्या पदरावरही शोधलं. गालाच्या हाडाच्या आत सायनस नावाची पोकळी असते, वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पेपरातली पोकळी आणि बाईंची पोकळी एकच, हे मात्र त्या क्षणी डोक्यात आलं नाही. मी कापूस दाबला आणि हसतमुखाने म्हणालो, "झालं बरं का."

तिसऱ्या दिवशी बाई हजर. "डाक्टर, चा पिली की नाकातनं येतुया. बशीतनं पिऊन बघिटली, कपातनं बघिटली. येतुयाच."

सरांनी मला विचारलं, "मूळ कुठाय?"

"थोडंसं मोडलं होतं, सर."

"कुठाय?"

मी बोट वर केलं. कुणी वारल्यावर करतात तसं. कंपाउंडर हसला, सर हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, बाईंना खुर्चीत घेतलं, पाऊण तासात मूळ बाहेर काढलं, गालाकडची हिरडी सरकवून भोकावर ओढली आणि टाके घातले. दोन आठवड्यांत भोक बुजलं. मला ओरडा बसला नाही. संध्याकाळी शटर ओढता ओढता ते एवढंच म्हणाले, "चुकतं. माझंबी चुकतं. पण पेशंट खुर्चीतनं उठायच्या आत सांगायचं. उठला की ते चुकणं राहत न्हाय, फसवणं होतं."

माझ्या चुकांची यादी करायची तर वेगळी वही लागेल. त्या दिवसापासून मात्र मी चूक झाली की लगेच सांगायला लागलो. इतका, की सर कधी कधी म्हणायचे, "पुणेकर, अजून चूक झाली न्हाय, थांबा जरा."

सर उंच होते आणि सतत कुणाच्या तोंडात वाकून बघत आल्यामुळे रस्त्यानं चालतानाही तसेच वाकलेले असत. घराणं मेंढरांमागचं. आजोबा दर वर्षी कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन केली, आणि सर शिकले. रोग्यांशी गावच्या बोलीत बोलायचे, पुण्याहून औषधवाल्याचा फोन आला की इंग्रजीत, आणि माझ्याशी दोन्हींच्या अधेमधे. मुळात बोलणंच कमी. प्रत्येक गोष्टीवरून अंगठ्याचं नख फिरवायची त्यांना सवय होती. भरलेल्या दाढेवरून, कवळीच्या कडेवरून, हॉटेलातल्या कपाच्या कानावरूनसुद्धा. "डोळा फसतो, नख फसत न्हाय," म्हणायचे.

वरच्या जबड्याबद्दल त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. "खालच्या जबड्याला जमीन असती, राव. वरच्याला आभाळ. जमिनीत चुकलं तर खड्डा पडंल. आभाळाला भोक पडलं तर कुठं ठिगळ लावनार?"

त्या आभाळाचं वेड त्यांना पन्नाशीत लागलं. वरच्या दाढा पडून वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं, सायनस खाली उतरतो आणि पक्का दात रोवायला जागाच उरत नाही. तेव्हा गालाच्या बाजूने हाडाला लहानशी खिडकी पाडायची, सायनसच्या आतलं नाजूक अस्तर अलगद वर उचलायचं, खाली हाडाचा चुरा भरायचा, तो मुरला की त्यात दात रोवायचा. पुण्यात तेव्हा हे नवीन होतं, बारामतीत तर कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. सर पुण्याला जाऊन शिकून आले. आल्यावर रोज सकाळी मटणाच्या दुकानातून मेंढीचं अर्धं डोकं आणायला लागले आणि दवाखान्याच्या मागच्या मोरीत बसून त्यावर हात बसवायला लागले. स्वतः मटण खात नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तोंडओळख हाय."

मला मात्र डोकं मिळालं नाही, अंडी मिळाली. कच्च्या अंड्याच्या कवचाला बारीक यंत्राने खिडकी पाडायची आणि आतला पापुद्रा न फाडता कवचापासून सोडवायचा. सायनसचं अस्तर तसंच असतं. पहिल्या आठवड्यात माझं एकही अंडं वाचलं नाही. कंपाउंडर रोज डब्यात ऑम्लेट नेऊ लागला आणि त्याची बायको विचारू लागली की डॉक्टरांनी कोंबड्या कधी पाळल्या. मग एके दिवशी एक पापुद्रा शाबूत सुटला. सरांनी अंडं उजेडाकडे धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हं." एवढ्या वर्षांत माझं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

दर रविवारी आम्ही एसटीने इंदापूरला जायचो. स्टँडच्या मागे सरांनी एक खोली घेतली होती. तिथेच बावड्याचे भिकूतात्या आले.

भिकूतात्या सनई वाजवायचे. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या त्यांच्या सनईवर सासरी गेल्या असतील. वय साठीच्या आसपास, डाव्या बाजूच्या वरच्या सगळ्या दाढा पडलेल्या. कुणीतरी कवळी करून दिली होती. ती सांगतानाच त्यांना हसू आवरेना.

"डाक्टर, नवरदेव मारुतीच्या पारावर. मी घेतला दम, गाल फुगवला, आन् कवळी सुटून सनईवर आपाटली, तितनं करवलीच्या वटीत! ती पोरगी अशी किंचाळली, लोकास्नी वाटलं नारळात साप निघाला."

मग हसू गेलं. "बिनकवळीचं वाजवाय जातो तर गाल आत जातोय. दम पुरत न्हाय. मला काडता-घालता येनारं नगं, पक्कं दात पायजेत. न्हायतर सनई ठिवायची."

सोबत आलेला त्यांचा मुलगा सुदाम डफडं वाजवायचा. तो म्हणाला, "तात्यानी सनई ठिवली तर आमचा ताफा मोडंल, सर. आता बँडवाल्यास्नी मागनी हाय. आमाला बोलावत्यात ते तात्याच्या सनईपायी."

सरांनी तात्यांच्या हिरडीवरून, हातमोज्यातूनच, नख फिरवलं. मग त्यांना सनई वाजवायला लावली. तेवढ्याशा खोलीत तात्यांनी डोळे मिटून नवरी निघतानाची चाल धरली. बाहेर बाकावर बसलेली एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून बसली. गाल आत गेला, सूर हलला, तात्या थांबले.

"करू," सर म्हणाले. "सायनस उचलून दात लावू. पर फोटो लागंल, पुण्याला."

सुदाम तात्यांना पुण्याला घेऊन गेला, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. फिल्म दुसऱ्या दिवशी मिळायची होती. मी शनिवारी घरी जाणारच होतो, म्हटलं मी आणतो. आणली. पण स्वारगेटला एसटीत चढताना लिफाफा हातातून सुटला आणि एका माणसाच्या पत्र्याच्या ट्रंकेखाली गेला. बारामती येईपर्यंत तो माणूस ट्रंकेवरून उठला नाही, आणि ट्रंक सरकवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. लिफाफा चुरगळून मिळाला.

बारामतीत सरांनी फिल्म खिडकीला धरली. डाव्या सायनसच्या काळ्या पोकळीत वरून खाली एक बारीक पांढरी रेघ होती.

"हे काय?" सर म्हणाले.

आता मी शिकलेला शिष्य. पेशंट खुर्चीत बसायच्याही आत सांगून टाकलं. "सर, तो ओरखडा आहे. माझ्यामुळे झाला." ट्रंकेची सगळी हकीकत सांगितली. माणसाची मिशीसुद्धा सांगितली. मला कबुली द्यायचा असा उत्साह कधी आला नव्हता. सर ऐकत राहिले, फिल्म पुन्हा एकदा बघितली आणि लिफाफ्यात घातली. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले. मी दिवसभर हवेत होतो.

ऑपरेशन रविवारी सकाळी इंदापूरला. सुदाम दाराशी बसलेला. सरांनी भूल दिली, हिरडी उघडली, खिडकी कोरायला घेतली. हाडाच्या भिंतीतली एक बारीक रक्तवाहिनी कापली गेली आणि रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यावर आली. मी दचकून रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी सोडली. सरांनी बोटाने कापसाचा बोळा दाबून धरला आणि तात्यांशी गप्पा सुरू केल्या, जणू त्यासाठीच थांबलेत. "तात्या, नाकानं दम घ्या सावकाश. सनईवाल्याला दम काय शिकवायचा मी?" तात्यांचे डोळे हसले. सहासात मिनिटांनी बोट काढलं. रक्त थांबलं होतं.

खिडकीतून अस्तर दिसलं. निळसर, तात्यांच्या श्वासाबरोबर हलणारं. सर ते उचलायला लागले. अर्ध्यापर्यंत असं आलं, की मी अंड्यांना मनातल्या मनात माफ केलं. आणि मग सरांचा हात थांबला. अवजार कशाला तरी अडलं होतं. त्यांनी किंचित जोर दिला असेल नसेल, अस्तर एकदम उसवलं.

"आत कूड हाय," सर हळू म्हणाले.

कूड म्हणजे खोलीत मध्ये घालतात ती पातळ भिंत. काहींच्या सायनसमध्ये हाडाचा असा कूड असतो, आणि अस्तर त्याला घट्ट चिकटलेलं असतं. आधी ठाऊक असेल तर कुडाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या खिडक्या पाडायच्या आणि दोन्हीकडून सावकाश यायचं. ठाऊक असेल तर.

ती पांढरी रेघ कूड होती. सगळ्या चुकांमध्ये जी मी सर्वांत मनापासून, पूर्ण तपशिलासकट कबूल केली होती, नेमकी ती मी केलेलीच नव्हती.

फाटलेल्या जागेतून श्वासाचे बुडबुडे येत होते. मी म्हणालो, "सर, कोलॅजनच्या पडद्याचा तुकडा लावून झाकू ना. भरून टाकू." मला काहीही करून ते झाकायचं होतं.

"झाकतं तेवढं न्हाय हे. भरलं तर चुरा सगळा आत सांडंल, सडंल." त्यांनी अवजार ठेवलं. "मिटवायचं. सहा म्हैने थांबायचं. मग दोन्हीकडनं."

टाके घालून झाल्यावर त्यांनी सुदामला आत बोलावलं. तात्या अजून खुर्चीत होते. मला माहीत होतं सर काय करणार. माझं नाव येणार म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

"तात्या, झालं न्हाय काम. फोटो वाचन्यात माझं चुकलं. आतलं अस्तर फाटलंय. ते बरं होऊ द्यावं लागंल."

सुदाम ताडकन म्हणाला, "म्हंजी? मंग उघडलं कशाला?"

"चुकलं म्हनून सांगतोय."

"सांगून काय हुतंय, सर? आमी काय करायचं?"

तात्यांनी हात वर करून मुलाला गप्प केलं. सरांनी पथ्यं सांगितली. नाक शिंकरायचं नाही, नाक दाबून दम लावायचा नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. तपकीर बंद. आणि दोन महिने सनईला तोंड लावायचं नाही.

शेवटचं ऐकून तात्यांचा चेहरा पडला. वैशाखातल्या लग्नांच्या सुपाऱ्या घेऊन झाल्या होत्या.

सर दर रविवारी इंदापूरचं काम आटोपून बावड्याला जायचे, जखम बघायला. पहिले तीन आठवडे सगळं छान. चौथ्या रविवारी तात्यांच्या दारात पोचलो तेव्हा तात्या तोंडावर टॉवेल धरून बसले होते. खोलीत घाण वास येत होता.

"वाजवली?" सर म्हणाले.

तात्यांनी मान हलवली. "लगीन हुतं. दुसरा सनईवाला आनला हुता सुदामनं. नवरी गाडीत बसाय निगाली आन् ह्यो बाबा पिच्चरचं गानं वाजवाय लागला. सगळी हसाय लागली. नवरीची आईबी हसाय लागली, डाक्टर. आवो, त्या टायमाला कुनी हसतं व्हय? मी हातातनं काढून घितली." मग खाली बघून म्हणाले, "थोडीच वाजवली."

जखम उसवून भोक पडलं होतं. तोंडातून थेट सायनसमध्ये, तिथून नाकात. आत पू झाला होता. सरांनी महिनाभर धुऊन धुऊन तो काढला, मग गालाची हिरडी ओढून भोक बुजवलं. उघडलं. टाळूची कातडी फिरवून पुन्हा बुजवलं. पुन्हा कडेला उघडलं. कऱ्हाटीच्या बाईंचं दोन आठवड्यांत बुजलं होतं, आणि ती माझी चूक होती. सरांची ही बुजेना. तिसऱ्या वेळी तात्यांनी हात जोडले. "आता चाकू नगं, डाक्टर. जेवतोय-खातोय, बास."

सरांनी भोक झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी करून दिली. तात्या हसून म्हणाले, "तोंडाला बूच मारलं माज्या." पट्टीने पाणी नाकात जायचं थांबलं. सनईचा दम थांबायला मात्र ती पट्टी पुरेना. गाल फुगला की हवा फुस्सकन नाकातून जायची. सुदाम एका बँडमध्ये ढोल वाजवायला लागला. त्याने आमच्याशी बोलणं सोडलं.

त्यानंतर सरांनी ते ऑपरेशन कधी केलं नाही. मटणाच्या दुकानाला सांगून टाकलं, डोकी नकोत. बोलणं आधीच कमी होतं, ते आणखी कमी झालं. वरची साधी दाढ काढायची असली तरी हात धुवायला चारचार वेळा जायचे आणि नळाखाली हात तसेच धरून उभे राहायचे.

वर्षभराने मी इंदापुरात स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं. निरोप घ्यायच्या दिवशी मी तो विषय काढला. काढायचा नव्हता, पण तोंडातून निघाला. "सर, तुम्ही त्यांना माझं नाव का नाही सांगितलंत? ओरखडा मी म्हणालो होतो."

सर फॉर्मालिनच्या बाटल्या कपाटात लावत होते. "तू खरं समजून सांगितलंस."

"पण चुकीचं सांगितलं."

"पुणेकर, ओरखडा नखाला लागतो. हाड लागत न्हाय. फिल्म माझ्या हातात हुती." त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. "कपाच्या कानावरनं नख फिरवनारा मानूस मी. तितं न्हाय फिरवलं. तू इतकं मनापासनं सांगितलंस, मला वाटलं आता नख फिरवलं तर तुझ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं हुईल."

मी खालची एक बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. मग "येतो सर" म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दवाखाना बंद करून मी स्कूटरने बावड्याला निघालो. तात्यांना भेटून खरं काय ते सांगायचं, असं ठरवलं होतं. सर अजून दर रविवारी तिकडे जातात, हे ऐकून होतो. ते परतल्यावरची वेळ साधावी म्हणून चार वाजून गेल्यावर निघालो. सवयीप्रमाणे तेही चुकलं. सर तिथेच होते.

तात्यांच्या घरासमोर लिंबाखाली पोतं टाकलेलं होतं. त्यावर दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसले होते. तात्यांच्या हातात सनई होती. सरांनी पुढे वाकून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तात्यांचं नाक घट्ट दाबून धरलं होतं. नाक दाबलं की हवेला जायला वाट राहत नाही. जी गोष्ट करू नका म्हणून त्यांनी वर्षभर बजावलं होतं, ती आता ते स्वतःच्या हाताने करत होते. राखायला काही उरलं नसावं.

सनई वाजत होती. नवरी निघतानाची चाल. तात्यांचा चेहरा लालबुंद झालेला, दाबलेल्या नाकावरून डोळ्यांचं पाणी सरांच्या बोटांवर ओघळत होतं. तात्यांच्या प्रत्येक दमाबरोबर सरांचेही गाल फुगत होते, त्यांना ते कळत नव्हतं. उंबऱ्यात सुदाम पाठ करून बसला होता. पण आत गेला नव्हता.

मधेच सरांचा हात भरून आला असावा. त्यांनी हात बदलला. तेवढ्यात हवा नाकातून निसटली आणि सूर फाटला. तात्यांनी सनई खाली घेतली.

"डाक्टर, दुखतोय हात?"

"न्हाय. घ्या तुमी. वरनं घ्या."

सरांनी डाव्या हाताने पुन्हा नाक धरलं, तात्यांनी दम घेतला, आणि चाल पहिल्यापासून सुरू झाली.

मी सांगायला आलो होतो ते सांगितलं नाही. त्यानंतर सर मला दिसले नाहीत. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी बारामतीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बावड्यातल्या त्या दिवशी मात्र मी रस्त्याच्या कडेला होतो, आणि त्यांच्यापैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी स्कूटर वळवली. किक मारली असती तर आवाज झाला असता. म्हणून मुख्य रस्त्यापर्यंत ती ढकलत नेली.